बंद खोलीतली हवा

तेगू शहरातल्या दवाखान्यात मी श्वासाचं मशीन परत करायला गेले होते. भाड्याचं होतं. नवराच गेल्यावर ते ठेवून काय लोणचं घालायचं?

माझा नवरा दोक्सू बस चालवायचा. घोरता घोरता त्याचा श्वास अडकायचा, मग दचकून सुरू व्हायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर हृदय थकेल. मुखवटा लावून झोपा, मशीन रात्रभर हवा ढकलत राहील. त्यानं निमूट लावला. तरी सहा महिन्यांत हृदयानं दगा दिला. मी डॉक्टरांना शिव्या घातल्या.

दवाखान्यातल्या बाईंनी मशीनमधली नोंद वाचली. "रोज तासाभरात बंद होत होतं की हो! तुमचं लक्ष नव्हतं?"

"मी रातपाळीला असते."

"पण गेला महिनाभर छान. रोज सात तास."

"तो जाऊन चाळीस दिवस झाले..."

बाईंनी संगणकाच्या पडद्यावर नोंद पुन्हा तपासली. "श्वासाची नोंद आहे," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन मी सासूबाईंना विचारलं, "आई, मशीन तुम्ही बंद करायचात?"

"मग काय करू? बंद खोलीत तोंडावर वारा घेऊन झोपलेला माणूस सकाळी उठत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तू कामावर. पोटच्या पोराला मरू देऊ?"

मीही आमच्याकडच्या त्याच समजुतीत वाढले. उन्हाळ्यात तो झोपला की पंखा मीच बंद करायचे. आमच्या मायेनंच त्याचा जीव घेतला.

"आणि आता कोण लावतं?"

त्या कुजबुजल्या, "तोच सांगतो, 'आई, आता चालू राहू दे.' मी बटण दाबते, मुखवटा उशीवर ठेवते." मग एकदम इकडेतिकडे पाहू लागल्या. "कुठंय मशीन?"

"परत दिलं."

"अगं बये... मग आज तो कसा गं..."

त्या रात्री मी कामावर गेले नाही. आम्ही दोघी त्याच्या खोलीच्या बंद दाराबाहेर बसलो. दोनच्या सुमारास आत घोरणं सुरू झालं. त्याचंच. मला रडू फुटलं. मग ते अडकलं. आम्ही वाट पाहत राहिलो.

श्वास काही आला नाही. आत, उशाजवळच्या मशीनच्या रिकाम्या जागेवर, कुणीतरी घाईघाईनं हात फिरवत काहीतरी चाचपडत असल्याचं ऐकू येत होतं.