चाळीस पौंड दाब

अंधेरीच्या गॅरेजात सहदेवची ख्याती अशी, की आजारी इंजिन त्याला नुसतं पाहून बरं व्हायचं. १९५७च्या थंडीत मात्र माहुलच्या फेऱ्या करणाऱ्या एका लॉरीने ती पार धुळीला मिळवली. तिच्या तेलाच्या फिल्टरचा डबा दोनदा फुटला. मालक जयवंतरावांना इंजिनातलं एवढंच कळायचं, की ते बंद पडलं की मेकॅनिक चुकलेला असतो.

"आज फुटला, तर उद्या गावची बोट धर," ते म्हणाले.

थंडीत तेल घट्ट होतं, दाब सोडणारी झडप अडकते, मग डब्याचा पत्रा फाटतो. पण झडप स्वच्छ होती, स्प्रिंग नवी होती. दाबाचा काटा चाळीस पौंडांवर. पत्र्याने साठही सोसले असते. राहिलं आतलं कापड. परदेशी फिल्टर मिळेनासे झाल्यापासून सगळी गॅरेजं डब्यात जुनं सुती कापड कोंबत. सहदेवचं तर घरचंच होतं. बायकोने, जानकीने, सातव्या महिन्यात शिवून ठेवलेली दुपटी. आधी शिवू नये, असं चाळीतल्या बायका म्हणाल्या होत्या. मूल रडलंच नाही. दुपटी वर्षभर ट्रंकेत पडून होती. सहदेव व्यवहारी माणूस. त्याने न विचारता उचलली.

दुपारी त्याने इंजिन सुरू करून चांगलं तापू दिलं. काटा चाळीसवर गेला. डबा एका बाजूने फुगला. टाचेएवढाच फुगवटा.

तो फुगवटा पत्र्याखालून सरकला.

सहदेवने चटका बसेपर्यंत हात लावला. जानकीच्या पोटावर त्याने असाच हात ठेवला होता.

"ह्यां हंय कसां?"

जेवण घेऊन आलेली जानकी मागे उभी होती. बाकावर एक दुपटं उरलं होतं. तिने ते उचलून हुंगलं.

"अगो, जुना कापड म्हणान..."

"गप."

तिने दोन्ही तळवे तापलेल्या पत्र्यावर ठेवले. कातडी चरचरली. तिने हात काढले नाहीत. फुगवटा तळव्यांखाली येऊन थांबला.

मग काटा उतरू लागला. पस्तीस. जरा थांबून तीस. घोटाघोटाने.

सहदेवने वाकून लॉरीखाली पाहिलं. जमिनीवर थेंब नव्हता.

"बंद करतंय इंजिन."

"नको. तेका भूक लागली."

दारातून जयवंतराव ओरडले, "फुटला काय रे?"

"नाय, शेट," सहदेव म्हणाला, आणि त्याने तेलाचा आणखी एक कॅन उघडला.