पेजेवरचा आळ

फानबाईंनी तांदळाच्या पेजेची वाटी कोपरानंच दूर लोटली, पेज टेबलभर पसरली, आणि त्यांची सून रुईझेन फडकं आणायला वळली...

“काय घालतेस गं हिच्यात? एक घास ठरत नाही पोटात. देमिंग, बायकोला सांग, माहेरी जा आणि आईकडून साधी पेज शिकून ये म्हणावं.”

देमिंग मान खाली घालून म्हणाला, “उद्या नीट कर गं.”

आणि त्याला सगळं ठाऊक होतं! आईच्या पोटातली गाठ कॅन्सरची होती, ऑपरेशन झालं होतं, आता केमो चालू होती. पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर त्या आजाराचं नाव घ्यायचं कुणी? यांगझोऊ शहरात त्यांच्या ओळखीच्या कुठल्याच घरात कुणी घेतलं नव्हतं. रिपोर्ट मुलाच्या हाती आले, आईला सांगितलं गेलं, अल्सर होता, काढला, ही सलाइन ताकदीची. मग ताकदीच्या औषधानं इतक्या उलट्या का, असं त्यांनी विचारलं तेव्हा देमिंगचा चेहरा पांढरा पडला, आणि रुईझेनच्याच तोंडून निघून गेलं, “माझीच पेज बिघडली असेल, आई.” तेव्हापासून ती रोज बिघडू लागली.

आधी रुईझेन न्हाणीघरात जाऊन रडायची. मग तेही थांबलं. तिच्या तीन वर्षांच्या लेकीनं, नाननाननं, “मम्माचं खाल्लं की उलटी होते” म्हणून ओठ घट्ट मिटले, त्या दिवशीसुद्धा तिनं नुसतं वाटीवर झाकण ठेवलं... अंगाखाली दबून बधिर झालेल्या हातासारखं तिचं मन झालं होतं. आपलंच, पण आपलं न वाटणारं.

सासूबाईंना पाण्याचा घोटही ठरेना, तेव्हा हॉस्पिटलातून अॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला पाठवलं.

“सुनेच्या हातचं पचावं म्हणून आता सुया,” फानबाई खाटेवर आडव्या होत म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मनगटापासून तीन बोटं मोजून एक सुई टोचली, एक गुडघ्याखाली. “जड वाटलं, मुंग्या आल्या, की सांगा.”

“आल्या.”

पडद्यापलीकडून एक बाई बोलली, “माझ्या केमोच्या मळमळीला यानंच उतार पडला बरं का. पार जात नाही, पण पाणी तरी ठरतं. तुमची कुठली गाठ?”

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. रुईझेन घाईनं म्हणाली, “ह्यांना नुसतं अपचन आहे. माझ्या स्वयंपाकानं.”

फानबाई छताकडे बघत राहिल्या. मग पडद्याला म्हणाल्या, “पोटाची.”

डॉक्टरीणबाई हलकेच बाहेर गेल्या. रुईझेन खाटेच्या कडेला टेकली.

“कधीपासून ठाऊक आहे, आई?”

“पहिल्या सलाइनपासून. शेजारच्या खाटांवरच्या बायका बघायला डोळे नव्हते का मला? पण उलटी झाली की देमिंग दारात येऊन माझा चेहरा निरखायचा... तुझ्या पेजेला नावं ठेवली की त्याचा श्वास सुटायचा. आईला कळलं नाही, एवढंच त्याला पुरे.”

“आणि माझं काय?”

त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानशिलावरून ओघळलं. मनगटात सुई होती, पुसता येईना. “तू पुसशील असं वाटलं,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक वेळी... तू पुसशीलच, असं धरून चालले मी.”

रुईझेननं रुमाल काढला आणि त्यांचे डोळे टिपले. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत काहीच आलं नाही.

संध्याकाळी देमिंगनं सवयीनं विचारलं, “आज कशी झालीय पेज?”

“बस झालं,” फानबाई म्हणाल्या. “मला कॅन्सर आहे, देमिंग. उलट्या त्या औषधाच्या. हिच्या हाताला या घरात यापुढं कुणी नाव ठेवायचं नाही. तूही नाही, मीही नाही.”

देमिंगच्या चॉपस्टिक्स हवेतच राहिल्या. मग तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला... आईनं त्याला रडू दिलं. त्याच्याकडे न बघता त्यांनी वाटी ओढली आणि सावकाश, प्रत्येक घास पोटात ठरतोय का याची वाट पाहत, खाऊ लागल्या.

“मीठ कमी आहे गं,” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. “हे खरंखुरं सांगतेय.”

रुईझेन मीठ आणायला उठली, आणि बरणीपर्यंत पोचता पोचता तिला रडू फुटलं.