त्याला न दिसणारे रंग

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत खरंच घडलंय. तेही भर दुपारी, माणसांनी भरलेल्या ऑफिसात.

ताई डॅशबोर्ड बनवते. म्हणजे ढीगभर आकडे एका स्क्रीनवर रंगांत असे मांडायचे, की बघताक्षणी कळावं.

तिचा नवरा रंगांधळा होता. लाल आणि हिरवा त्याला सारखेच दिसायचे. घरी ती काम करत असली की तो मागे खुर्ची ओढून बसायचा.

"च्च. अगं, मला सगळं मातकटच दिसतंय."

"नवरा आहेस की परीक्षक?" म्हणत ती रंग बदलायची. निळा आणि नारिंगी.

मग तो गेला. झोपेतच.

ती कामावर परतली तेव्हा एका हॉस्पिटलचा डॅशबोर्ड हाती आला. कुठल्या वॉर्डात खाट रिकामी आहे, ते दाखवायचं होतं. साहेबांना लाल-हिरवा हवा होता. तिने निमूटपणे दिला. आता नको म्हणणारं होतं कोण?

जेवून परत आली...

स्क्रीनवर निळा आणि नारिंगी.

"तू हात लावलास का गं?" तिने शेजारच्या मैत्रिणीला विचारलं.

"मी कशाला लावू? तुझ्याबरोबरच तर जेवत होते."

ताईने पुन्हा लाल-हिरवा केला.

मागे खुर्ची सरकली...

आणि मग...

"च्च."

ती गर्रकन वळली. कोणीच नव्हतं.

पुन्हा पाहिलं, तर स्क्रीन निळी-नारिंगी.

ती घाबरली नाही. हुंदके देऊन रडली.

त्यानंतर तिला वेडच लागलं. रोज मुद्दाम लाल-हिरवा करायचा, पाठ फिरवायची, कान देऊन बसायचं. "च्च" ऐकू आलं की जिवात जीव यायचा. जेवण सुटलं. घरी जायचं नाव घेईना.

शेवटी मावशीच तिला म्हणाली, "बाळा, त्याला असं अडकवून ठेवू नकोस. जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी ताईने लाल-हिरवा केला आणि हळूच म्हणाली, "आता तू गेलास तरी चालेल मला."

ती थांबली...

खुर्ची हलली नाही.

रंग तसेच राहिले. लाल. हिरवा. आजपर्यंत.

तिथे नक्की कोण होतं, मला सांगता येत नाही. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

ताई मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलते.

"मी खोटं बोलले होते गं. इतकं तरी त्याला कळायला हवं होतं."