महापौरानं रोवलेल्या फांद्या

टॅवी, ती शेगडी जरा पुढे ओढ. महापौराची गोष्ट सांगतो, पण आधीच सांगतो, हसायचं नाही. हे माझ्या शेजारच्या लॉर्न पिनॉकच्या बाबतीत घडलंय. गेल्या दोन फेब्रुवारीला, रात्री आठच्या सुमारास.

नदीपलीकडे त्याची बहीण मॅविस एकटीच राहते. तिचं इन्सुलिन संपलं होतं. वादळ ओसरलं होतं, पण पूल बंदच. लॉर्न म्हणाला, "हा गेलो नि हा आलो." औषध कोटाच्या आत ठेवलं, बर्फगाडी काढली. गोठलेल्या नदीवर वाटेच्या खुणेला स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या रोवलेल्या होत्याच. फांद्या सोडून जायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

"काका, पण महापौर कुठाय यात?"

दम धर की! थॅडियस क्रॉल. मेला त्याला शंभर वर्षं झाली. लाकूड विकून गब्बर झाला, मग नदीचा बर्फ कापून विकायला लागला, तीनदा महापौर झाला. जाड बर्फ नेमका वाटेखाली. तो कापायला मिळावा म्हणून यानं रात्रीतून फांद्या उपटून पातळ बर्फावर रोवल्या. सकाळी एक घोड्यांची घसरगाडी माणसांसकट बुडाली. कोर्टात हा शपथेवर म्हणाला, "फांद्या मी हलवल्या नाहीत." सुटला. वर पुतळा उभारला हरामखोराचा!

तर, नदीच्या मधोमध फांद्यांची वाट उजवीकडे वळली. लॉर्ननं गाडी थांबवली. यंदा फांद्या त्यानंच रोवल्या होत्या. सरळ रेषेत.

पुढे कुणीतरी होतं. उंच टोपी. खांद्यावर फांद्यांचा भारा. एक रोवली… दुसरी…

"ओ, कोण तुम्ही?"

टोपीवाला पुढची फांदी रोवायला वाकला.

मग अगदी कानाशी… "फांद्या मी हलवल्या नाहीत."

लॉर्ननं वळून बघितलं. मागे फिरावं? पण मॅविस…

त्यानं फांद्यांची वाट सोडली. सरळ निघाला. अंधारात. उजवीकडे बर्फ कडाडला… त्यानं बघितलं नाही.

मॅविसला औषध मिळालं. वाचली ती. लॉर्नही ठणठणीत आहे, आज सकाळीच मला भेटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. फांद्या सगळ्या सरळ रेषेत. उजवीकडे बर्फात एक मोठं भोक, आत काळं पाणी.

ताज्या बर्फावर लॉर्नच्या गाडीचा एकच माग होता. मधोमध थांबलेला… उजवीकडे वळलेला… थेट भोकात गेलेला.

पलीकडच्या काठाकडे जाणारा माग… नव्हताच.