धरलेली जागा

माणिकबाईंना त्या दिवशी अकोल्याला भाचीकडे जायचं होतं, म्हणून शेजारच्या शालूने मोनालीसाठी लोणच्याची बरणी त्यांच्याच हाती दिली. राजापेठेतल्या त्या गल्लीत शालू आणि देवीदासचं फुलांचं घर. एका खोलीत मोगऱ्या-झेंडूचे ढीग, दुसरीत माणसं. थोरली मोनाली अकोल्याच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, होस्टेलवर राहायची. घराण्यात एवढं कुणी शिकलेलं नव्हतं.

बरणी पिशवीत ठेवताना देवीदास हळूच म्हणाला, "वहिनी, पोट्टी दुपारी फोन उचलत नाही. काय करून राहिली, एकदा पाहून या. तुमी सांगसान तसं करू."

त्याने सांगितलं नसतं तरी माणिकबाईंनी पाहिलंच असतं. गल्लीत कुणाकडे कोण आलं, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळे. मनात वाईट काही नाही हो. ओट्यावर बसून जग बघायची सवय, दुसरं काय. निघताना रीतीप्रमाणे, ऊन लागू नये म्हणून, त्यांनी पदराच्या टोकाला कांदा बांधला. वऱ्हाडातल्या मे महिन्यात कांद्यावाचून कोण बाहेर पडतं?

होस्टेलच्या दारात रागिणी नावाची मोनालीची मैत्रीण भेटली. "ती तिच्या जागेवर असंन, काकू. इथं ज्याची त्याची जागा ठरलेली. मी लायब्ररीत कूलरपाशी, कोणी जिन्यात, कोणी बंद कॅन्टीनच्या ओसरीत. मोनाली लायब्ररीच्या मागं, कडुनिंबाखाली. तिकडं दुसरं कोणी जात नाही."

"कावून?"

रागिणीने दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि ती निघून गेली.

ऐन दुपार. मागचं मैदान उन्हाने पांढरं पडलेलं. कावळासुद्धा नाही, पाचोळाही हलत नव्हता. करपलेल्या मोहराचा कडसर वास येत होता आणि त्यात कुठूनसा कच्च्या कांद्याचा. आपलाच असेल, असं माणिकबाईंना वाटलं.

भिंतीच्या कडेला त्या थबकल्या. समोर कडुनिंबाचा कट्टा. मोनाली पाठमोरी, आणि तिच्या शेजारी पांढऱ्या शर्टातला एक मुलगा. दोघांची डोकी एकाच पुस्तकावर. तो पान उलटायचा, ती लिहायची.

एक हाक मारली असती तर... पण हाताने आपसूक पिशवीतला जुना, बटणांचा मोबाईल काढला.

"शालू, ऐक. पोट्ट्यासोबत बसून आहे वं तुही पोरगी. अगदी खेटून."

खेटून नव्हती. मध्ये पोथी मावेल एवढी जागा होती. पण शब्द गेला होता, आणि पलीकडे शालूने फोन ठेवला होता.

मग त्या कट्ट्यापाशी गेल्या. मोनाली एकटीच होती. चहूकडे मोकळं मैदान, तो मुलगा जाणार कुठे? शेजारच्या जागेवर घडी केलेला एक रुमाल, वर दगड ठेवलेला. टेकावं म्हणून त्यांनी रुमाल बाजूला सारला, आणि बोटं झटकन मागे आली. कट्टा तव्यासारखा तापलेला, आणि रुमाल ओलाचिंब. थंडगार.

"तिथं नका बसू, काकू," मोनाली म्हणाली. "जागा धरलेली आहे."

"कोणी?"

"माहीत नाही. एसटीत टाकतात ना रुमाल, तसा आहे. कोणी पोट्टा जागा धरून पाणी प्यायले गेला म्हणतात, उन्हाळी पेपरच्या वेळेस. ऊन लागलं त्याले. परत आलाच नाही... म्हणून कोणी उचलत नाही."

"तुले भेव नाही वाटत?"

"इथं वाचलेलं डोक्यात राहते, काकू. अडली का..." ती थांबली. "समजते आपोआप."

तिच्या पुस्तकाशेजारी मुका ठेवलेला फोन उजळला. बाबा. माणिकबाईंचा हात पदराकडे गेला. कांदा गाठीत होता, सालीसकट, कोरडा. वास रुमालातून येत होता.

संध्याकाळी देवीदास पोरीला सामानासकट घेऊन आला.

"देवीदासभाऊ, तिथं कोणी नव्हतं," माणिकबाई त्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "माह्याच डोळ्याले..."

"दुपारी खेटून होतं, आता कोणीच नाही? वहिनी, आता तुमी झाकून राहिल्या."

मोनालीने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एक शब्द, अन् तोही खोटा. सकाळी त्या पुन्हा गेल्या, हात जोडले. तेव्हा कुठे देवीदास म्हणाला, "पेपर देऊ द्या तिले. फुलांत अभ्यास होत नाही, तर तुमच्या ओट्यावर बसंन. तुमीच पाह्यलं, तुमीच नजर ठेवा. पण अजून एक शब्द कानावर आला, तर पेपर बंद. स्थळ पाहून ठेवलं आहे."

माणिकबाईंनी आयुष्यभराची आपली जागा सोडली. मोनाली ओट्यावर वाचायची, त्या स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून बसायच्या. बघायचंच नाही, असं ठरवलं होतं त्यांनी.

पेपर जवळ आले. अशाच एका दुपारी त्यांना वास आला. चूल थंड, चिरलेलं काही नाही, तरी कच्च्या कांद्याचा वास. ओट्यावर पान उलटल्याचा आवाज झाला. मग लगेच दुसऱ्याचा.

पाण्याचा गडवा घेऊन त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. मोनाली एकटी, मान खाली घालून लिहीत होती. तिच्या शेजारी, जिथे माणिकबाई इतकी वर्षं बसत आल्या त्या जागेवर, घडी केलेला रुमाल. वर दगड. त्यातून निथळलेलं पाणी फरशीवर काळं पसरलं होतं.

"मोनाली... हा कोणी ठेवला?"

तिने मान वर केली नाही. "तिथं नका बसू, काकू."

माणिकबाईंनी ओटा सोडल्यापासून गल्लीवरची नजर पार्बताबाईने धरली होती. ती समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालत होती. तिथूनच तिचा आवाज आला.

"वो माणिकबाई, तो पांढऱ्या शर्टातला पोट्टा कोण हो? मोनालीले अगदी खेटून बसला..."

माणिकबाईंनी तोंड उघडलं. काय सांगणार होत्या? कोणी नाही म्हणून? हे वाक्य गल्लीत त्यांच्या तोंडून आधीच एकदा वाया गेलं होतं. पार्बताबाईने पिठाचा हात लुगड्याला पुसला आणि फोन कानाला लावला.

शेजारी शालूच्या घरात घंटी वाजू लागली. वारा नव्हता. मोनालीचे दोन्ही हात वहीवर होते, आणि पुस्तकाचं पान सावकाश उलटलं.