कोरड्या फरशीवरची चाचणी

फवारणीचं विमान काल पडलं आणि आज दुपारपर्यंत सारा दोष मेलेल्या वैमानिकाच्या माथी मारून सगळे मोकळेही झाले. इंजिन बंद पडलं, औषधाची टाकी हवेतच रिकामी करायचं त्याला सुचलं नाही, भाराने विमान झाडांवर गेलं. संपला विषय.

तपासनीस बाईंना ते पटेना. मोडक्या विमानात टाकी सोडायचा दांडा पूर्ण मागे ओढलेला होता. टाकी मात्र गच्च भरलेली.

हँगरसमोर तसंच दुसरं विमान उभं होतं. मृताची धाकटी बहीण आत बसली होती. कीड कुणासाठी थांबत नाही, असं मालकाने तिला ऐकवलं होतं. टाकीत पाणी भरून झालं होतं; औषध मिसळलं की ती उडणार.

मेकॅनिक हा या भावंडांचा सख्खा काका. दोघांना त्यानेच वाढवलेलं.

"दोन्ही विमानं परवा तपासलीत?" बाईंनी विचारलं.

"नियमाप्रमाणे. टाकीत पाणी भरून दांडा ओढला. पाच सेकंदांत रिकामी. सही आहे माझी."

"कुठे केलीत चाचणी?"

"इथेच, या फरशीवर."

"टाकीखाली उघडणारी ही गेटं जुनी आहेत. गळत नाहीत?"

"थेंबसुद्धा नाही."

बाईंनी खाली पाहिलं. फरशीच्या भेगांत फवारणीची जुनी पांढरी पूड घट्ट साचली होती.

काका आज भलतेच हळवे झालेत, बहीण वरून म्हणाली. टाकी अर्धीच भर, असं तीनदा बजावलं.

बाई झटकन विमानाजवळ गेल्या.

"इंजिन सुरू करू नका. आत पाणीच आहे ना? दांडा ओढा."

दांडा मागे गेला. खाली काहीच पडलं नाही.

"परवा इथे दोन टाक्या पाणी ओतलं असतं, तर ही पूड वाहून गेली असती," बाई म्हणाल्या. "गळकं गेट तपासणीत नापास होतं, म्हणून काकांनी दोन्ही गेटं आतून सीलंटने चिकटवली. चाचणी केलीच नाही, नुसती सही केली. आणि गेट उघडणार नाही हे काल कळल्यावर आज भार कमी राहावा म्हणून अर्ध्या टाकीचा सल्ला दिला."

"गेटचं नवं रबर यायला महिना लागणार होता," काका पुटपुटले. "जोर लावला की सुटेल, असं वाटलं होतं."

बहीण खाली उतरली. हेल्मेट तिने काकांच्या हातात दिलं.

"दादाने जोर लावला होता, काका."