झिणझिण्याची शक्ती फक्त दोन

"पाच! फक्त पाच पडले! लेसबहाद्दराचा हल्ला फुकट!" मुकुल ओरडला. वीस बाजूंचा हिरवा फासा चटईवरून घरंगळत कपाटाखाली गेला.

"पण बुटाची लेस तर सुटली ना?" गौतमी भांडायला उठली. "दहा फुटांवरून लेस सोडतो तो! तेवढीच तर शक्ती आहे बिचाऱ्याची!"

"आमचा महानायक सँडल घालतो!"

"हे तू आत्ता ठरवलंस!"

धारवाडच्या केलगेरी भागात, तळ्याकडे उतरणाऱ्या एका गल्लीत सिद्धांत आणि गौतमी ही भावंडे राहत. मुकुल समोरच्या घरातला. मे महिन्याची सुट्टी तिघांनी एका जाड वहीत घालवायची ठरवली होती. एकाने महानायक व्हायचे, एकाने खलनायक, तिसऱ्याने गोष्ट सांगायची, आणि फासा पडेल तसे घडायचे. सगळे जग जिंकायला निघालेले खलनायक त्यांना कंटाळवाणे वाटत. त्यांच्या वहीत सगळे किरकोळच! डुलकेश्वर समोरच्याला जांभई आणायचा, बस्स. चिकटराव भिंतीवर चढायचा, पण भिंतीला आधी गूळ फासावा लागे. सगळ्यांत दुबळा होता झिणझिण्या. तो शिवला की बोटांना मुंग्या यायच्या. शक्ती : वीसपैकी दोन.

"आता झिणझिण्या घेऊ या," मुकुल म्हणाला. "फुकटचे गुण मिळतात!"

"नको!"

सिद्धांत एवढ्या मोठ्याने ओरडला की दोघे दचकले. त्याने वही छातीशी घट्ट धरली होती. गौतमीने ती ओढून घेतली आणि झिणझिण्याचे पान काढले. सिद्धांतच्याच अक्षरात लिहिले होते : "पहिला पराक्रम. एक आजी नळावर पाणी भरत होती. झिणझिण्या नळात लपला. आजीने नळाला हात लावला आणि ती उलटी पडली." खाली तारीख होती रविवारची.

गौतमीने तारीख पुन्हा वाचली. त्यांची आजी, कमळाबाई, मंगळवारी नळापाशी पडली होती. उलटीच!

आतल्या खोलीत आजी एका हाताने लुगड्याच्या घड्या घालत होती. दुसरा हात प्लास्टरमध्ये होता. उद्या सकाळी तिला बेळगावला आत्याकडे पाठवायचे होते. आई-अप्पा दोघेही दिवसभर हुबळीला कामावर. चक्कर येणारी म्हातारी घरात एकटी कशी ठेवायची?

"चक्कर नव्हती रे," आजी सगळ्यांना सांगून दमली होती. "नळानं मला ढकललं!"

"वय झालं," मोठी माणसे म्हणाली होती.

"मी लिहिलं आणि तसंच झालं," सिद्धांत पुटपुटला. "मीच केलं हे."

"काहीतरीच!" मुकुल म्हणाला. पण त्याने फासा काढायला कपाटाखाली घातलेला हात हळूच मागे घेतला.

"थांब," गौतमी म्हणाली. "तुला झिणझिण्या सुचला कुठून?"

सिद्धांतने मान खाली घातली. "आजीच म्हणाली होती. पंधरा दिवसांपूर्वी. 'बाळा, नळ बोटांना चावतोय बघ.' मी खूप हसलो. मग झिणझिण्या काढला."

"म्हणजे चावणं आधी, झिणझिण्या नंतर! तू काही केलं नाहीस!"

सिद्धांतला क्षणभर हायसे वाटले. मग त्याने दाराबाहेर अंगणाकडे पाहिले. झिणझिण्या खोटा, तर नळात खरोखर काय होते?

तिघे अंगणात गेले. गल्लीत पूर्वी तीन विहिरी होत्या. रहाटाच्या आवाजाने पहाट व्हायची. आता एकीवर दुकान उभे होते, दोन बुजल्या होत्या. पाणी दर पाचव्या दिवशी नळाला यायचे. उद्याची पाळी होती. कोरडा नळ मान वाकवून गप्प उभा होता. कुणीही त्याच्या फार जवळ गेले नाही.

"मी हजार वेळा याचं पाणी प्यालोय," मुकुल म्हणाला. "मला कधी नाही चावला!"

"तुझ्या पायात रबरी चपला असतात," गौतमी हळूच म्हणाली. "आजी उंबऱ्यापाशी चपला काढून ठेवते. पिण्याच्या पाण्याला ती चपला घालून हात लावत नाही. कधीच."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. विज्ञानाच्या तासाला रबराचा धडा झाला होता.

"करंट!" मुकुल कुजबुजला. "पण इथं तर वायरच नाही!"

"मंगळवारी आजी पडली आणि तेवढ्यात लाइट गेली," गौतमी आठवत म्हणाली. "मी तिच्या तोंडावर मारायला पाणी घेतलं, तर धार एकदम जाड झाली होती. लाइट गेल्यावर धार कशी वाढते?"

"कुणाची तरी मोटर बंद पडली म्हणून!" मुकुलने उडी मारली. "लाइनला चोरून मोटर लावलीय कुणीतरी! ती सगळ्यांचं पाणी ओढते!"

"आपला पाइप जुना, लोखंडी. तो फक्त आपल्याला आणि शेजारच्या बाळाप्पाकाकांना आहे," सिद्धांत म्हणाला. "पण काका असं करणार नाहीत. पाणी आलं की ते स्पीकरवर भजनं लावून डोळे मिटून बसतात."

"फक्त पाणी आलं कीच?" मुकुलने विचारले.

"म्हणजे मोटरचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून!" म्हणत गौतमी काकांच्या घराकडे निघाली.

बाळाप्पाकाका कट्ट्यावर नातीला, पिंकीला, चुरमुऱ्यांचे गिरमिट भरवत होते. "बर्री, बर्री! या, तुम्हीही खा!" मुकुलने मोटरचे विचारताच ते खो-खो हसले. "मोटर? माझ्याकडं? अय्यो! उन्हात खेळून डोकी तापली तुमची!"

"अज्जा, ती गोणपाटाखालची..." पिंकी म्हणाली.

"पिंके! आत जा!"

काकांचे हसू एवढ्या झटकन आटले की मुलांना त्याचीच जास्त भीती वाटली. तिघे गल्लीत परतले.

"संध्याकाळी अप्पांना सांगू," सिद्धांत म्हणाला. "पाणी उद्या आहे. तोवर..."

तेवढ्यात कोपऱ्यावरून पाणी सोडणाऱ्या तुकारामची हाक आली. "नीर बंतु! पाणी आलंय, पाणी! उद्या पाइपचं काम आहे, म्हणून आजच!"

घराघरांतून बादल्या खडखडल्या. आणि बाळाप्पाकाकांच्या घरातून टाळ-मृदंगाचा दणका सुरू झाला.

"आजी!" सिद्धांत किंचाळला. "मुकुल, काकांचा मेन स्विच बाहेर, व्हरांड्यात आहे!"

"माझे हात कोरडे आहेत! जातो!"

सिद्धांत धावला. उंबऱ्यापाशी आजीच्या चपला शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या होत्या. ओल्या फरशीवर, अनवाणी, कमरेला पितळी घागर लावून आजी नळाकडे चालली होती.

"आजी, थांब! हात लावू नको!"

भजनाच्या दणक्यात तिला काही ऐकू गेले नाही. तिने घागर पुढे केली. नळ आणि घागर यांत वीतभर अंतर उरले. धावत जाऊन तिला ओढावे, तर नेमका त्याच क्षणी तिचा हात नळाला लागला तर? मग दोघेही! सिद्धांतला रडूच फुटले. आणि रडता रडताच त्याला वहीतली एक ओळ आठवली. त्यानेच लिहिलेली. झिणझिण्याचा दुबळेपणा : कोरडे लाकूड.

दाराच्या कोपऱ्यात कपडे बडवायचे धोपटणे होते, उन्हात खडखडीत वाळलेले. सिद्धांतने ते उचलले आणि सगळा जोर लावून घागरीवर मारले. ठण्ण! घागर आजीच्या हातातून उडाली आणि अंगणभर गडगडत गेली.

"मुडद्या!" आजी गर्रकन वळली. "वेड लागलं का तुला?"

त्याच वेळी भजन अर्ध्या ओळीवर बंद पडले. आणि नळाची करंगळीएवढी धार मनगटाएवढी झाली!

"बघा! सगळ्यांनी बघा!" गौतमी फाटकातून ओरडत होती. "काकांचा मेन बंद आणि आमचं पाणी चालू!"

बादल्या हातात घेऊन सगळी गल्ली गोळा झाली. बाळाप्पाकाका तावातावाने बाहेर आले. "मेन कुणी बंद केला रे?"

"मी!" मुकुल म्हणाला. त्याचे दात वाजत होते, पण तो स्विचसमोरून हलला नाही. "आणि कुणाला लावू देणार नाही!"

तुकाराम लाकडी काठी घेऊन काकांच्या परसात गेला. तिथल्या खड्ड्यावरचे भिजलेले गोणपाट त्याने काठीनेच उचलले. खाली मोटर होती. तिच्या वायरच्या जोडावर नुसती चिंधी गुंडाळलेली, तीही ओलीचिंब. लोखंडी पाइपाला ती चिकटूनच होती.

पण सगळे भलतीकडेच बघत होते. खड्ड्याच्या कडेला, ओल्या मातीत, इवलीशी भातुकली मांडलेली होती. चूल, तवा, दोन कपबश्या.

"पिंके, तू इथं खेळतेस?" काकांनी विचारले.

"हो अज्जा. हा पाइप गुदगुल्या करतो!"

बाळाप्पाकाका मटकन खाली बसले. त्यांनी पिंकीला जवळ ओढले आणि बराच वेळ सोडले नाही.

संध्याकाळपर्यंत वायरमन येऊन मोटर काढून गेला. अप्पा आले, त्यांनी सगळे ऐकले आणि आजीची पेटी उघडून लुगडी परत कपाटात ठेवू लागले. बाळाप्पाकाका दारात हात जोडून उभे होते. "कमळाक्का, चुकलं माझं."

"मला काय सांगतोस? या पोरांना सांग," आजी म्हणाली. "मी पंधरा दिवस ओरडत होते, नळ चावतो, नळ चावतो. ऐकलं कुणी?"

"या तिघांनी दोन माणसं वाचवली," तुकाराम म्हणाला. "गल्लीतली मोठी माणसं मात्र बारीक धारेला नावं ठेवत बसली! त्यात मीही आलो."

सिद्धांतला मात्र राहवेना. "आजी, मीपण हसलो होतो."

"हसलास. पण विसरला नाहीस," आजीने त्याच्या केसांतून हात फिरवला. "ते पुरे आहे मला."

पाच दिवसांनी पाणी आले. वायरमनने पाइप तपासला होता, तरी गल्लीत सगळे श्वास रोखून उभे होते. आजीच्या पायात अप्पांनी आणलेल्या कोऱ्या रबरी चपला होत्या. ती चपलांकडे बघून थोडी घुटमळली, पाण्याला एका हातानेच नमस्कार केला आणि तिने नळाला हात लावला.

नुसतेच पाणी!

दुपारी चटईवर चौघे बसले होते. सिद्धांतने वहीत "शक्ती : दोन"च्या पुढे लिहिले, "ओल्यात : वीस."

"आता माझा खलनायक लिही," आजी म्हणाली. "नाव चक्करराव. म्हातारं माणूस काहीही खरं सांगायला लागलं, की हा नुसतं म्हणतो, 'चक्कर आली असेल.' की संपलं! पुढं कुणी ऐकतच नाही."

"शक्ती किती, आजी?"

आजीने दाराकडे पाहिले. कामावरून लवकर आलेले अप्पा तिथे उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"आतापर्यंत वीस होती," आजीने फासा उचलला. "आज किती उरलीय, टाकून बघू या!"